‘सर्वोत्तम’ ठरवले कोणी?

साधन हाती आले की इतिहासाचा विद्यार्थी आधी विचारतो : हे कोणाच्या दफ्तरातले? आज हाच प्रश्न अमेरिकेतील एका गीतसंग्रहाला विचारू.

‘गोल्डन स्मॉग’ हा मिनियापोलिसमध्ये जमलेला, निरनिराळ्या बँडमधील वादकांचा मेळा. ‘द जेहॉक्स’चे गॅरी लुरिस, ‘सोल असायलम’चे डॅन मर्फी आणि पुढे ‘विल्को’चे जेफ ट्वीडी. कंट्रीचा गावरान सूर, रॉकची धार आणि दोस्तांची मैफल. मात्र या मंडळींचे मूळ बँड इतर कंपन्यांशी करारबद्ध होते. म्हणून ‘डाउन बाय द ओल्ड मेनस्ट्रीम’ या अल्बमवर टोपणनावे आली : स्वतःचे मधले नाव आणि लहानपणी राहत होतो त्या रस्त्याचे नाव. ट्वीडी झाले ‘स्कॉट समिट’! केवळ श्रेयनामावली वाचणारा संशोधक येथे हमखास फसेल. १९९८ च्या ‘वीअर्ड टेल्स’वर खरी नावे आली.

हे दोन्ही अल्बम रायकोडिस्कचे. २००६ चा ‘अनदर फाइन डे’ मात्र ‘लॉस्ट हायवे’ या दुसऱ्या कंपनीने काढला. २००८ मध्ये ‘ऱ्हायनो’ने ‘स्टे गोल्डन, स्मॉग’ हा सर्वोत्तम गीतांचा संग्रह आणला, तेव्हा तो अल्बम त्याबाहेर राहिला. त्या निवडीची सीमा रसिकतेने नव्हे, मालकीहक्काने आखली होती. एवढाच संग्रह ऐकणाऱ्याला वाटेल, बँड १९९८ लाच थांबला.

उपशीर्षकात ‘रायकोडिस्कची वर्षे’ असा स्पष्ट उल्लेख आहे, हे संपादकांच्या बाजूने नोंदवायला हवे. पुष्कळ संग्रह एवढेही सांगत नाहीत.