वर्धा योजनेतली दहा मिनिटे

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी हायस्कुलात, म्हणजे आजच्या नवभारत विद्यालयात, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल डिसेंबरात तयार झाला आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने हाताच्या उद्योगातून शिक्षण हे या वर्धा योजनेचे तत्त्व स्वीकारले. या अहवालातले शाळेच्या दिवसाचे वेळापत्रक फारसे कुणी बारकाईने वाचत नाही. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवलेल्या हस्तोद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला आणि गणिताला, तर अर्धा तास समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला. शारीरिक शिक्षणाला दहा मिनिटे, मधल्या सुट्टीलाही दहाच. मुलाच्या हाताला काम देण्यासाठी आणलेल्या योजनेने त्याच्या शरीराला दहा मिनिटांत वाटेला लावले, असा आक्षेप या आकड्यावरून सहज घेता येतो. तरीही आरोग्यशिक्षणाची सर्वांत गंभीर योजना आपल्याकडे आखली गेली ती याच दहा मिनिटांच्या भरवशावर, असे माझे म्हणणे आहे. पुढच्या काळात तास वाढला, विषयाला नाव आणि श्रेणी मिळाली, आणि आरोग्य मात्र शाळेच्या दिवसातून निघून गेले.

अहवालातल्या सामान्य विज्ञानाच्या अभ्यासक्रमातच शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि व्यायाम यांचा समावेश होता. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे दिवस कसा घालवायचा यावर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामने दिलेला भर. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावात राहायला आले तेव्हा ते हिवतापाने पछाडलेले आणि पावसाळ्यात चिखलात बुडणारे खेडे होते. या गावाचे नाव सेवाग्राम झाले ते १९४० मध्ये. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने वर्धा योजना राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम चालवले ते अशा जागी. तिथे आरोग्य हा पुस्तकातला धडा राहणे शक्यच नव्हते. नई तालीम, म्हणजे हीच शिक्षणपद्धती, जन्मापासून मरेपर्यंतची असावी, असे १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत ठरले. पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असे टप्पे त्यातून आले. संघाच्या आठ वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिले कलम स्वच्छ आणि निरोगी जगण्याचे होते. स्वावलंबन, मूलोद्योग, नागरिकत्व आणि कलारंजन ही कलमे त्यानंतरची. हा क्रम सहज लागलेला नाही.

हे कलम प्रत्यक्षात कसे उतरे? सकाळ सफाईने उजाडे. संडासासाठी चर खणायचा, मैल्यावर माती टाकायची, काही महिन्यांनी त्याचे सोनखत झाले की ते शेताला द्यायचे. या एका कामात जंत, माशी, मातीतले जिवाणू आणि पिकाचे पोषण असे चार पाठ होते, आणि चारही नाकाला कळणारे. स्वयंपाकघरात तेच. किती माणसांना किती ज्वारी, किती डाळ, किती भाजी लागते आणि दर माणशी खर्च किती येतो, हा हिशेब म्हणजे एकाच वेळी गणित आणि आहारशास्त्र. शेजारी मगनवाडीत १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ हातसडीचा तांदूळ, गूळ आणि घाण्याचे तेल यांच्या मागे लागलेला होता. १९३५ मध्ये तिथे गांधीजींनी सोयाबीन खाऊन पाहण्याचे प्रयोगही केले. (आज जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीनच सोयाबीन दिसते, पण ते ताटात जवळजवळ येतच नाही.) आणि सफाईला एक सामाजिक धार होती. ज्या समाजात मैला उचलणे एका जातीच्या माथी मारलेले, तिथे सवर्णाच्या मुलाने खराटा हाती घेणे हे आरोग्यशास्त्राइतकेच जातिव्यवस्थेवरचे उत्तर होते. पवनारहून रोज चालत सुरगावला जाऊन विनोबा महिनोन्महिने भंगीकाम करत, तेही याच समजुतीने.

पहिला आक्षेप व्यायामशाळेच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे होते. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, हुतूतू, आट्यापाट्या यांची शास्त्रशुद्ध शिकवण तिथे मिळे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. या परंपरेतला माणूस विचारणारच की तीन तास वीस मिनिटे मांडी घालून टकळी फिरवणाऱ्या पोराच्या छातीला, पायांना, पाठीला व्यायाम कोणता? श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. श्रमात एकच स्नायू झिजतो, व्यायाम साऱ्या शरीराचा तोल राखतो. हे मान्यच करायला हवे. सूतकताई हा बैठा उद्योग आहे आणि तो सर्वत्र मूलोद्योग म्हणून लादला गेला तेव्हा योजनेने आपलेच तत्त्व सोडले. पण इथे दोष दहा मिनिटांचा नाही, उद्योगाच्या निवडीचा आहे. जिथे शेती आणि सफाई जोडीला होती तिथे अंग हलत होते. शिवाय आखाडा हौसेने येणाऱ्याला घडवतो. शाळेला मात्र न येऊ इच्छिणाऱ्यालाही घडवायचे असते. अशक्त, लाजरा, अर्धपोटी मुलगा आखाड्याच्या दारातूनच परत फिरतो, पण जेवायला आणि हात धुवायला त्याला रोज यावेच लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. वरच्या इयत्तांत मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा अहवालाने दिली होती. स्वयंपाकघर सर्वांचे, पण ते शिकण्याचे वळण अखेर मुलीकडे, असा त्याचा व्यवहारी अर्थ होऊ शकत होता. वयात येणाऱ्या शरीराविषयी बोलण्याला तर त्या काळच्या आश्रमी भाषेत संयमापलीकडे शब्दच नव्हता. आठवी-नववीच्या वयाला जे सर्वांत जास्त कळायला हवे तेच इथे गाळलेले होते. ही उणीव योजनेतच होती आणि ती काळाच्या माथी मारून झाकता येणार नाही.

एवढे कबूल केल्यावरही पुढची वाटचाल योजनेपेक्षा बरी ठरत नाही. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. नियम बदलले, वरिष्ठ कार्यालये बदलली. पालकांना कारकुनीकडे नेणारी शाळा हवी होती, शिक्षकाला कापसाचे पेळू वेळेवर मिळत नव्हते. मूलोद्योग कधी रजिस्टरपुरता उरला आणि कधी गेला, ते कळलेही नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला तेव्हा श्रम हा एक विषय झाला आणि शरीर दुसरा विषय. आज नववी-दहावीत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा श्रेणीचा विषय आहे. त्याची श्रेणी शाळाच देते आणि ती टक्क्यांत धरली जात नाही. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालकाला सांगावे लागत नाही. स्पर्धा जिंकणाऱ्या खेळाडूला दहावीत सवलतीचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा शरीराची दखल घेतली जाते ती पदक आणणाऱ्याचीच.

यावर शेवटचा युक्तिवाद असा केला जातो की आरोग्य हे डॉक्टरचे काम, शाळेने ते का ओढावे? वर्ध्याचाच अनुभव याचे उत्तर देतो. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय उभारले आणि गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ साली तिथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गावात मुक्काम करून शिकावे लागते. याच संस्थेच्या कामातून गावोगाव किशोरींचे गट उभे राहिले आणि जे बोलणे शाळेत होत नव्हते ते त्यांच्यात होऊ लागले. डॉक्टर स्वतः गावात गेले ते रोगाचे मूळ दवाखान्यात सापडत नाही म्हणूनच. मग ज्या शाळेच्या ताब्यात मुलांचे रोजचे पाच-सहा तास आहेत, त्या शाळेने या कामातून अंग काढून घेणे कोणत्या तर्कात बसते? सेवाग्रामच्या आवारात २००५ मध्ये आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली. मराठी माध्यमाच्या या शाळेत मुले शेती, स्वयंपाक आणि सफाई करत शिकतात. म्हणजे आजच्या परीक्षापद्धतीत हे जमतच नाही, असेही म्हणता येत नाही.

बाकी शाळांत स्वयंपाकघर परत आले ते शालेय पोषण आहाराच्या रूपाने. खिचडी शिजते, मुले खातात, पण तिच्यात डाळ किती आणि का, हे त्यांना विचारले जात नाही. शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने आरोग्याच्या श्रेण्यांची वही उघडण्याआधी नळाला पाणी आहे का आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, एवढे पाहिले तरी विषयाची खरी श्रेणी कळेल. आणि हायस्कुलाचे म्हणाल, तर पोषण आहाराची ती खिचडी आठवीला संपते. नववीच्या मुलाने डबा आणायचा असतो.