प्रस्तावना : अनोळखी दिव्यांचा अभ्यास

२०२४ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी रात्री जागून काढल्या. अंधार पडला की शिवारावर दिवे घिरट्या घालतात, अशी वार्ता गावोगाव पसरली. शेजारच्या जालना, छत्रपती संभाजीनगर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत आणि पुढे पुण्याच्या ग्रामीण भागातही तीच चर्चा होती. चोरटे ड्रोन उडवून घरे हेरतात, असा अनेकांचा समज झाला आणि तरुण मंडळी गस्त घालू लागली. गोदावरीपलीकडच्या अंतरवाली सराटीत मात्र अशाच दिव्यांचा अर्थ निराळा लागला. मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांच्यावर पाळत ठेवली जात असल्याचा संशय तिथे व्यक्त झाला आणि जुलैमध्ये तो थेट विधानसभेत पोचला.

आभाळात दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी. दिवा आभाळात दिसतो, पण त्याचा धनी कोण हे माणूस आपल्या जमिनीवरच्या काळजीतून ठरवतो. म्हणून प्रत्येक वृत्तांत दोनदा वाचावा लागतो: एकदा आभाळासाठी, एकदा गावासाठी.

जगभर या विषयाची वाढ लष्करी गुपितांच्या सावलीत झाली. अमेरिकेने ऑगस्ट १९५५ मध्ये यू-२ या टेहळणी विमानाची चाचणी सुरू केली. त्या काळी प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांवरून जात. यू-२ साठ हजारांच्याही वर उडे. खाली अंधार पडल्यावरही त्याच्या चंदेरी पंखांवर ऊन चमके आणि वैमानिक 'उडत्या तबकडी'ची खबर देत. हवाई दलाचे तपासनीस सीआयएकडून खरे काय ते जाणून घेत, पण लोकांना हिमकण किंवा हवेच्या थरांची कारणे सांगत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि साठच्या दशकातल्या अशा निम्म्याहून अधिक खबरींमागे गुप्त टेहळणी उड्डाणे होती, असे सीआयएसाठी लिहिलेल्या इतिहासातच १९९७ मध्ये नमूद झाले. पाहणाऱ्यांनी काहीतरी खरोखर पाहिले होते. खोटे होते ते त्यांना दिलेले उत्तर.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये उत्तर समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणाऱ्या ख्रिस गिब्सन यांना इंधन भरणाऱ्या विमानाशेजारी एक काळे त्रिकोणी विमान दिसले. गिब्सन हे विमाने ओळखण्यात तरबेज निरीक्षक होते. त्यांच्या वृत्तांताची सांगड 'ऑरोरा' नावाच्या कथित अतिवेगवान विमानाशी घातली गेली. आजवर त्या विमानाचा पुरावा मिळालेला नाही. याउलट एफ-११७ हे विमान १९८१ पासून उडत होते, पण अमेरिकेने त्याची कबुली दिली ती नोव्हेंबर १९८८ मध्ये. सरकारचे मौन म्हणजे होकार नव्हे आणि नकारही नव्हे, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात ठेवावे.

आपल्याकडचा सर्वांत शिकवून जाणारा प्रसंग २ एप्रिल २०२२ चा, गुढीपाडव्याच्या संध्याकाळचा. जळत्या गोळ्यांची रांग आभाळ चिरत गेली आणि विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी ती पाहिली. कुणी उल्का म्हटले, कुणी कोसळणारे विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. चिनी रॉकेटच्या टप्प्याचा तो अवशेष असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. कडे सापडले नसते तरी एक गोष्ट नक्की सांगता आली असती: इतक्या दूरदूरच्या जिल्ह्यांना एकाच वेळी दिसलेली वस्तू फार उंचावर होती.

हीच रीत बीडलाही लागू पडते. रात्री एकट्या डोळ्याला अंतर कळत नाही. जवळचा ड्रोन आणि दहा किलोमीटर उंचीवरचे विमान सारखेच भासू शकतात. पण गेवराईहून पूर्वेला दिसलेला दिवा त्याच मिनिटाला माजलगावहून पश्चिमेला दिसला, तर तो दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. दोन्हीकडून तो पूर्वेलाच, सारख्या उंचीवर दिसला, तर तो गावावर नाहीच, खूप लांब आहे. नोंदीत मिनिटापर्यंत वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची हवी. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, तेवढे माप पुरते. दिव्यांचे रंगही लिहावेत. विमानाच्या डाव्या पंखावर लाल आणि उजव्यावर हिरवा दिवा असतो, म्हणून लाल आपल्या उजवीकडे दिसला तर विमान आपल्याकडे येते आहे. ड्रोनच्या दिव्यांची मांडणी मात्र निराळी असू शकते, तेव्हा रंगावरून घाईने निकाल देऊ नये.

अर्थ लावण्याआधी नोंद करण्याची ही शिस्त केवळ विद्वत्तेसाठी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. भ्यालेल्या गावात रात्रीचा परका माणूस सर्वांत आधी संशयित ठरतो. तिथे वेळ आणि दिशा लिहिलेली वही हाताशी असेल, तर गर्दीला थांबवायला कुणाकडे तरी आधार असेल. पाहणाऱ्याला हसू नये, त्याचा तर्क आंधळेपणाने उचलूही नये, आणि त्याची साक्ष मात्र पुरती लिहून घ्यावी. एवढे ज्याला पटेल त्याचे या विषयात मनापासून स्वागत आहे. विज्ञानाची पदवी नसली तरी चालेल. घड्याळ, वही आणि शेजारच्या गावात असेच लिहून ठेवणारा एक माणूस एवढ्यावर काम सुरू करता येते.