परदेशी जायचंय, पण कोळी-किड्यांची भीती वाटते? विजयदुर्गपासून सिडनीपर्यंत उपयोगी पडेल अशी माहिती

ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा नोकरीला जायचं ठरलं, की विजयदुर्गसारख्या गावातही हल्ली आधी मोबाईलवर तिथले व्हिडिओ बघितले जातात. चार व्हिडिओ कॉलेजचे आणि राहण्याच्या खर्चाचे बघून होतात. पाचव्यात गाडीच्या काचेवर हाताच्या पंजाएवढा कोळी चालताना दिसतो. ज्याला कोळ्यांची भीती आहे, त्याचं त्यानंतर बाकी कशात लक्ष लागत नाही.

ही भीती सांगायचीही चोरी असते. "कोकणातलं पोर आणि किड्याला घाबरतं?" असं म्हणून लोक हसतात. मग खरं कारण न सांगता प्रवेश पुढे ढकलला जातो, नोकरी नाकारली जाते, किंवा लग्नानंतर परदेशी जायचा विषय निघाला की घरात वाद होतात. खरं तर ही भीती चांगल्यापैकी आटोक्यात येऊ शकते, आणि त्याची तयारी गावातच करता येते.

साधी भीती आणि फोबिया यात फरक काय?

न्हाणीघरात मोठा कोळी दिसला आणि दचकायला झालं, तर ती साधी भीती. पण त्याच्या धास्तीने न्हाणीघरात जाणंच टाळलं, रात्री चार वेळा उठून अंथरूण झटकलं, माळ्यावर वर्षानुवर्षं पाऊल ठेवलं नाही, तर तो फोबिया असू शकतो. कोळ्यांच्या भीतीला 'अरॅक्नोफोबिया' आणि किड्यांच्या भीतीला 'एन्टोमोफोबिया' म्हणतात. भीती धोक्याच्या मानाने फार मोठी असेल, साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली असेल आणि रोजच्या जगण्यात आड येत असेल, तर डॉक्टर फोबियाचं निदान करतात.

फोबिया असलेल्या माणसाला बहुतेक वेळा कळत असतं, की समोरचा कोळी काही करणार नाही. तरीही छातीत धडधडतं, घाम फुटतो, पाय जागचे हलत नाहीत. म्हणून "अरे, तो काही करत नाही" एवढं सांगून उपयोग होत नाही. ते त्याला आधीपासूनच माहीत असतं.

ही भीती येते कुठून?

काही भीती माणूस चटकन शिकतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. विजेच्या उघड्या तारेपेक्षा साप आणि कोळी यांची भीती मनात लवकर बसते, कारण आपल्या पूर्वजांचा त्यांच्याशी लाखो वर्षं संबंध आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सहा महिन्यांच्या बाळांना कोळी, साप, फुलं आणि मासे यांची चित्रं दाखवली गेली. कोळी आणि साप बघताना बाळांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जास्त विस्फारल्या. ती भीतीच होती असं यावरून म्हणता येत नाही, पण शरीर सावध होतं एवढं दिसतं.

बाकीचा भाग घरात शिकला जातो. आई किंवा ताई झुरळ बघून किंचाळत खुर्चीवर चढत असेल, तर लहान मूल तेच उचलतं. झुरळाच्या बाबतीत भीतीपेक्षा किळस जास्त असते. कोळ्यात दोन्ही मिसळलेलं असतं.

विजयदुर्गात खरा धोका कुणाचा?

कोकणातल्या घराच्या भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी बघून भल्याभल्यांची गाळण उडते. कधी त्याच्या पोटाखाली पांढरी गोल चकती दिसते. ती मादी असते आणि ती चकती म्हणजे तिची अंड्यांची पिशवी. हा कोळी जाळं विणत नाही, भिंतींवर फिरून झुरळं खातो. माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका नाही.

धोका आहे तो लाल विंचवाचा. चिऱ्यांच्या ढिगात, लाकडांच्या रचलेल्या थरांत, जुन्या भिंतीच्या फटीत तो लपतो. आकाराने तो काळ्या इंगळीपेक्षा बराच लहान असतो, म्हणून लोक इंगळीला जास्त घाबरतात. विष मात्र लाल विंचवाचं जहाल. त्याच्या विषामुळे शरीरात अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदयावर भयंकर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साठू शकतं. लहान मुलांना जास्त धोका असतो.

यावरचा उपाय कोकणातच सापडला. रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकापासून विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. रक्तदाबावरचं 'प्राझोसिन' हे स्वस्त औषध या विषाच्या परिणामावर चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांचं काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं. पूर्वी गंभीर दंशात दवाखान्यात आलेल्यांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत. हे औषध आल्यावर ते प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

विंचू चावल्यावर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं किंवा धाप लागणं दिसलं, तर मंत्र-तंत्रात आणि जखम कापण्यात वेळ घालवू नये. लगेच १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जावं. मुलांच्या बाबतीत लक्षणांची वाटच बघू नये.

म्हणजे चपला झटकून घालणारा, काळोखात बॅटरी घेऊन परसात जाणारा विजयदुर्गचा माणूस एका खऱ्या धोक्यासोबत लहानपणापासून राहतच आलेला असतो. परदेशातही हीच सवय कामी येते.

परदेशात नक्की काय भेटतं?

*ऑस्ट्रेलिया.* सिडनी परिसरातला फनेल-वेब कोळी खरोखर विषारी आहे. १९२७ ते १९८१ या काळात त्याच्या चाव्याने १३ मृत्यूंची नोंद आहे. १९८१ मध्ये प्रतिविष आलं. त्यानंतर या कोळ्याच्या चाव्याने एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. रेडबॅक कोळ्यावरचं प्रतिविष तर १९५६ पासून आहे. व्हिडिओत दिसणारा पंजाएवढा कोळी बहुतेकदा 'हंट्समन' असतो, म्हणजे आपल्या भिंतीवरच्या कोळ्याचा नातेवाईक. तो जिवावर उठत नाही. गाडी चालवताना तो दिसला आणि घाबरून स्टिअरिंग सोडलं, तर खरा धोका अपघाताचा. अशा वेळी गाडी हळू करून बाजूला घ्यावी आणि मग उतरावं.

*आखाती देश.* 'कॅमल स्पायडर'चे भयानक फोटो सोशल मीडियावर फिरतात. तो खरा कोळी नाही आणि त्याला विषही नसतं. चावला तर दुखतं. काळजी घ्यायची ती तिथल्या विंचवांची, विशेषतः वाळवंटाजवळच्या कामाच्या ठिकाणी. बूट झटकूनच घालावेत.

*ब्रिटन.* ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात घरात मोठे कोळी पळताना दिसतात. ते मादीच्या शोधात निघालेले नर असतात. त्यांच्यापासून जिवाला धोका नाही.

*अमेरिका.* ब्लॅक विडो आणि ब्राऊन रेक्लूझ हे दोन कोळी ओळखता यावेत. पण ईशान्येकडच्या राज्यांत जास्त सावध राहायचं ते गोचिडीपासून, कारण तिच्यामुळे 'लाइम' हा आजार होतो. गवतात फिरून आल्यावर अंग तपासावं. मोठ्या शहरांत जुनं फर्निचर घेताना ढेकूण आहेत का, हे बघावं.

जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा फारच थोड्या आहेत.

भीती कमी कशी होते?

फोबियावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जाणं. याला 'एक्स्पोजर' म्हणतात. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये एकाच बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत करायची पद्धत मांडली. ती कोळ्यांच्या भीतीसाठी आजही वापरली जाते.

त्यामागचं कारण सोपं आहे. कोळी दिसल्यावर पळालं, की लगेच सुटल्यासारखं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो, की 'पळालो म्हणून वाचलो'. पुढच्या वेळी भीती तेवढीच, किंवा वाढलेली. तिथेच थांबलं तर काही वेळाने धडधड ओसरते आणि मेंदूला नवा अनुभव मिळतो, की थांबूनही काही झालं नाही.

विजयदुर्गात राहून या पायऱ्या अशा करता येतील:

१. कोळ्याचं साधं चित्र, मग फोटो बघायचा. धडधड कमी होईपर्यंत पान बदलायचं नाही.

२. कोळी चालतानाचा व्हिडिओ बघायचा, आधी आवाज बंद करून. घाबरवण्यासाठी केलेले रील्स मात्र टाळायचे.

३. पावसाळा सरताना झाडांमध्ये मोठमोठी जाळी दिसतात. त्यांतला कोळी जाळं सोडून अंगावर धावत नाही. आधी दहा पावलांवरून, मग पाच, मग दोन पावलांवरून त्याला बघायचं.

४. गणपतीआधी घराची साफसफाई निघते तेव्हा एका कोपऱ्यातली जळमटं लांब काठीच्या झाडूने आपण स्वतः काढायची.

५. भिंतीवरच्या कोळ्यावर काचेचा ग्लास उपडा ठेवायचा, खालून जाड कार्ड सरकवायचं आणि त्याला परसात सोडायचं. आधी दुसऱ्या कुणाला करताना बघायचं, मग स्वतः. अंड्यांची पिशवी घेतलेली मादी सरावासाठी निवडू नये.

हा सराव फक्त निरुपद्रवी कोळ्यांवर करायचा. विंचू, गांधीलमाशी यांच्यावर कधीच नाही. परदेशातही अनोळखी कोळ्याला हात लावायचा नाही.

प्रत्येक पायरीआधी वहीत लिहावं, की 'काय होईल असं वाटतंय?' नंतर लिहावं, की 'खरं काय झालं?' 'तो अंगावर उडी मारेल' आणि 'तो जागचा हललाच नाही' ही दोन वाक्यं शेजारी शेजारी दिसली, की फरक आपोआप कळतो. एका पायरीवर आठवडा गेला तरी हरकत नाही. पुढची पायरी अगदीच झेपली नाही, तर एक पायरी मागे यावं, पण सराव सोडू नये.

सामान बांधताना एक गंमत

आपण ऑस्ट्रेलियातल्या कोळ्यांना घाबरतो, तर ऑस्ट्रेलिया आपल्याकडच्या एका किड्याला घाबरते. 'खापरा' हा धान्यातला छोटा भुंगेरा साठवलेल्या धान्याची नासाडी करतो. तो तिथे शिरू नये म्हणून २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, चणे, मूग, तूर, मसूर, जिरं, धणे, सुक्या मिरच्या असे जिन्नस न्यायला बंदी घालण्यात आली. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर यादी बघावी. आईने डबा बांधून दिला असेल, तर विमानतळावरच्या अर्जात सगळं जाहीर करावं. लपवलं तर मोठा दंड होतो.

पोहोचल्यावर काय करावं?

घर भाड्याने घेताना खिडक्यांना जाळी आहे का आणि दाराखाली फट आहे का, हे बघावं. दाराखाली लावायची रबरी पट्टी स्वस्तात मिळते. बागेत काम करताना हातमोजे घालावेत. बाहेर ठेवलेले बूट झटकावेत. रोज घरभर कीटकनाशक फवारू नये. त्याने श्वासाचा त्रास होतो आणि भीतीलाही खतपाणी मिळतं.

तातडीचे नंबर पहिल्याच दिवशी मोबाईलमध्ये ठेवावेत. ऑस्ट्रेलियात रुग्णवाहिकेसाठी ००० आणि विषबाधेच्या सल्ल्यासाठी १३ ११ २६. सिडनी परिसरात मोठा काळा कोळी चावला, तर हातापायावर घट्ट, रुंद बँडेज बांधून तो हलवू नये आणि ००० ला फोन करावा. रेडबॅकला मात्र बँडेज नाही, बर्फाची पिशवी लावायची.

घरच्यांनी काय करावं आणि मदत कुठे मिळते?

हसू नये, खोटा रबरी कोळी अंगावर टाकू नये. उलट टोकाला जाऊन रोज त्याची खोली तपासूनही देऊ नये. मुलगी मेलबर्नहून व्हिडिओ कॉल करून "आई, हा कोळी विषारी आहे का?" असं दहाव्यांदा विचारत असेल, तर उत्तर देण्यापेक्षा "तुला काय वाटतं? ग्लास आणि कार्ड आहे ना जवळ?" असं विचारणं जास्त उपयोगी.

स्वतःचा सराव पुरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जावं. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. गोळीने त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण 'थांबूनही काही झालं नाही' हा अनुभव मेंदूला मिळत नाही.

व्हिसाच्या कागदपत्रांना दोन-तीन महिने लागतातच. पहिल्या दोन पायऱ्या त्याच दिवसांत, घरी बसून, मोबाईलवर सुरू करता येतात.