जहाजांच्या नोंदवह्या ते कनेक्टेड मोटारी: मोल यंत्राचे की नोंदींचे?

१/१५
आजची मोटार धावता धावता आपला वेग, ठिकाण आणि ब्रेकचा प्रत्येक दाब दूरच्या संगणकाला कळवत असते. या 'कनेक्टेड' वाहनांच्या व्यवसायात एक वाद सतत चालतो. कमाई यंत्रपेटी विकण्यात आहे, की तिच्यातून येणाऱ्या नोंदींचा अर्थ लावण्यात? इतिहासाने या वादाचा निकाल एकदा दिलेला आहे, आणि तोही शिडाच्या जहाजांच्या काळात.

२/१५
अमेरिकी नौदलाने १८३० साली वॉशिंग्टनमध्ये नकाशे आणि उपकरणांचे एक कोठार उघडले. जहाजांवरील क्रोनोमीटर व इतर उपकरणे सांभाळणे, तपासणे आणि गरजेप्रमाणे देणे हे त्याचे मुख्य काम. आजच्या भाषेत बोलायचे तर ते निव्वळ हार्डवेअरचे खाते होते.

३/१५
१८४२ साली या कोठाराची सूत्रे मॅथ्यू फाँटेन मॉरी या नौदल अधिकाऱ्याकडे आली. तीन वर्षांपूर्वी घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला होता आणि समुद्रावरची नोकरी जवळपास संपली होती. ज्याला जहाजावर जाता येत नव्हते, त्याने जहाजांनी आणलेले कागद वाचायला घेतले.

४/१५
कोठारात नौदलाच्या जुन्या जहाजांच्या नोंदवह्या पडून होत्या. कोणत्या दिवशी जहाज कोठे होते, वारा कोणत्या दिशेचा व किती जोराचा होता, प्रवाह कसा होता, हे सारे त्यांत लिहिलेले असे. प्रवास संपला की वहीचे काम संपले, अशी सर्वांची समजूत होती. मॉरीने ओळखले की एका वहीत एका प्रवासाची हकिगत असते, पण हजारो वह्या एकत्र मांडल्या तर समुद्राचा स्वभाव उलगडतो.

५/१५
त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी महासागराचे चौकोन पाडले. कोणत्या चौकोनात, कोणत्या महिन्यात, कोणता वारा किती वेळा भेटला याची मोजदाद केली. १८४७ साली उत्तर अटलांटिकचा वारे व प्रवाहांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यासाठी एकही नवे उपकरण घडवावे लागले नाही.

६/१५
परीक्षा लगेच झाली. ब्राझीलच्या साओ रोके भूशिराजवळच्या प्रवाहांना भिऊन कप्तान फार मोठा वळसा घालीत. नोंदी सांगत होत्या की ही भीती अतिरंजित आहे. १८४८ साली 'डब्ल्यू. एच. डी. सी. राइट' हे जहाज मॉरीने सुचवलेल्या मार्गाने गेले. बाल्टिमोरहून रिओला पोहोचायला एरवी सुमारे ५५ दिवस लागत. ते ३८ दिवसांत पोहोचले.

७/१५
मॉरीची खरी दूरदृष्टी त्याने केलेल्या सौद्यात दिसते. व्यापारी कप्तानांना नकाशे विनामूल्य मिळत. मोबदला एकच: ठरावीक नमुन्यात रोजच्या नोंदी भरून पाठवायच्या. नोंदी वाढल्या की नकाशे सुधारत, आणि नकाशे सुधारले की आणखी कप्तान सामील होत.

८/१५
१८५१ साली 'फ्लाइंग क्लाउड' हे जहाज न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. तेव्हा या प्रवासाला बहुधा चार महिन्यांहून अधिक काळ लागे. जहाजाचे दिशादर्शन कप्तानाची पत्नी एलिनॉर क्रीसी करीत होती आणि मॉरीच्या सूचना तिने अभ्यासलेल्या होत्या.

९/१५
१८५३ साली ब्रुसेल्सला दहा सागरी राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले होते. जहाजांवरील नोंदींचा नमुना सर्वत्र एकसारखा असावा, असे तेथे ठरले. नोंदी एका साच्यात नसतील तर त्यांची बेरीज होत नाही, हे व्यवसायाचे सूत्र तेव्हाच मान्य झाले होते.

१०/१५
उपकरणे क्षुल्लक होती, असा याचा अर्थ नव्हे. क्रोनोमीटरवाचून रेखांश अचूक कळत नसे, आणि ठिकाण चुकले की नोंद व्यर्थ. पण पैसे मोजणाऱ्या कोणालाही क्रोनोमीटर विकत मिळे. हजारो प्रवासांचे एकत्रित सार मात्र एकाच ठिकाणी तयार होत होते.

११/१५
१८६१ साली यादवी युद्धात मॉरी गुलामगिरीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या दक्षिणेच्या बाजूने गेला आणि हे काम त्याच्या हातून सुटले. ती जहाजे केव्हाच कुजून गेली. त्याने जमवलेल्या नोंदी मात्र आज संगणकावर उतरल्या असून हवामानबदलाचे अभ्यासक त्या वापरतात.

१२/१५
आता मोटारींकडे वळू. १९९६ साली जनरल मोटर्सने 'ऑनस्टार' सेवा जाहीर केली. अपघात झाला की गाडी स्वतः मदत केंद्राला कळवी. पण सुरुवातीची यंत्रे जुन्या ॲनालॉग मोबाइल जाळ्यावर चालत. २००८ च्या आरंभी त्यांची सेवा बंद झाली. ज्या गाड्यांत नवे यंत्र बसवता येत नव्हते, त्या गाड्या धडधाकट राहिल्या आणि संकटकाळचे बटण तेवढे मुके झाले. मोटार दीड-दोन दशके चालते. संदेशवहनाचे तंत्र त्याआधीच पालटते.

१३/१५
याउलट इस्रायलमध्ये जन्मलेल्या 'वेझ'ने गाडीत काहीच बसवले नाही. चालकाच्या खिशातला फोन पुरेसा होता. प्रत्येकाच्या वेगावरून कोंडी ओळखायची आणि मोकळा रस्ता सर्वांना सांगायचा. गूगलने २०१३ साली सुमारे एक अब्ज डॉलर देऊन ही कंपनी घेतली. हा मॉरीचाच सौदा होता: नोंद द्या, नकाशा घ्या.

१४/१५
सौदा मोडला तर काय होते? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्स आणि ऑनस्टारवर आरोप ठेवला की चालकांची स्पष्ट संमती न घेता त्यांचे ठिकाण आणि वाहन चालवण्याच्या सवयी यांचा डेटा विकला गेला आणि विमा कंपन्यांनी हप्ते ठरवताना तो वापरला. तडजोडीच्या मसुद्यात अशा विक्रीवर पाच वर्षांची बंदी होती. कप्तानाला नोंदीच्या बदल्यात जवळची वाट मिळत होती. या तक्रारीतल्या चालकाच्या वाट्याला महागडा विमा येऊ शकत होता.

१५/१५
भारतात १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, रिक्षा वगळता, स्थानदर्शक यंत्र आणि आणीबाणीचे बटण सक्तीचे झाले. पेट्या बसवणे सोपे आहे. त्यांच्या नोंदी कोण वाचतो आणि वाचून प्रवाशाला व चालकाला काय परत देतो, यावर त्यांचे मोल ठरेल. वॉशिंग्टनच्या कोठारातली उपकरणे कालबाह्य झाली. धूळ खात पडलेल्या वह्यांनी मात्र समुद्राच्या वाटा बदलल्या, कारण त्या कोणीतरी वाचल्या आणि जे कळले ते लिहिणाऱ्यांना परत दिले.