सहासष्ट अक्षरांची मुभा

मृत व्यक्तीच्या कबरीवर कोणता दगड उभारावा, तो केवढा असावा आणि त्यावर काय कोरावे, हा निर्णय ख्रिस्ती युरोपात दीर्घकाळ कुटुंबाचा मानला गेला. ऐपतीप्रमाणे कोणी संगमरवरी देवदूत उभा केला, कोणी साधा लाकडी क्रूस रोवला आणि कित्येकांच्या कबरीवर मातीच्या उंचवट्याशिवाय काहीच राहिले नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याने हा अधिकार आपल्या सैनिकांच्या कुटुंबांकडून जवळजवळ पूर्णपणे काढून घेतला. त्यामागचे तत्त्व उदात्त होते आणि ते मोठ्या निष्ठेने राबवले गेले; परंतु ते जिथवर पोहोचले त्याची हद्द नेमकी कुठे आखली गेली, हे मराठी वाचकाने विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे.

युद्ध सुरू झाले तेव्हा मृत सैनिकांच्या कबरींची नोंद ठेवण्याची कोणतीही पद्धतशीर व्यवस्था ब्रिटिश सैन्याजवळ नव्हती. फ्रान्समध्ये रेड क्रॉसच्या एका फिरत्या पथकाचे प्रमुख असलेले फेबियन वेअर यांनी ही नोंद स्वतःहून सुरू केली आणि त्यातूनच २१ मे १९१७ रोजी राजसनदेने ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ म्हणजे साम्राज्याचा युद्धकबर आयोग स्थापन झाला. तत्पूर्वी, एप्रिल १९१५ मध्ये, माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचे शव खास परवानगीने फ्रान्समधून इंग्लंडला आणण्यात आले होते. वजनदार घराण्याला जे साधते ते सामान्य सैनिकाच्या घरच्यांना साधणार नाही, ही गोष्ट त्या एका प्रसंगाने उघड झाली आणि त्यानंतर शव मायदेशी नेण्यावर सरसकट बंदी आली. जो जिथे पडला, त्याने तिथल्याच मातीत आपल्या सोबत्यांजवळ राहावे, असे ठरले.

कबरींचे स्वरूप कसे असावे, हे ठरवण्याचे काम ब्रिटिश म्युझियमचे संचालक सर फ्रेडरिक केनियन यांच्याकडे सोपवण्यात आले आणि १९१८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. त्याचे सार असे की, सेनापती असो वा साधा शिपाई, प्रत्येकाची स्मृतिशिळा एकाच आकाराची असावी. कारण कुटुंबांना मोकळीक दिली, तर श्रीमंतांची स्मारके डोळ्यांत भरतील आणि गरिबांच्या कबरी त्यांच्या आड हरवतील. क्रूसाऐवजी उभी शिळा निवडण्यामागे व्यावहारिक कारणेही होती. क्रूसाच्या अरुंद भुजांवर मजकुराला जागा मिळत नाही आणि तो टिकाऊ करायचा तर खर्च वाढतो. उलट सपाट शिळेवर पलटणीचे चिन्ह, नाव आणि धर्मचिन्ह ही सारी नीट बसतात. ओळीने उभ्या असलेल्या अशा शिळा संचलनासाठी सज्ज असलेल्या पलटणीसारख्या दिसतील, असेही केनियन यांना वाटत होते.

ही शिळा कशी होती, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. तिची उंची २ फूट ८ इंच, रुंदी १ फूट ३ इंच आणि जाडी ३ इंच असे. मुख्यतः इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथील फिकट पांढरा चुनखडक तिच्यासाठी वापरत आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून तिचा माथा किंचित कमानदार ठेवत. अक्षरांचे वळण मॅक्डॉनल्ड गिल या अक्षरकाराने असे बांधले होते की, तिरप्या नजरेनेही नाव वाचता यावे. सर्वांत वर पलटणीचे चिन्ह, त्याखाली सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि वय, मधोमध धर्मचिन्ह, असा क्रम असे. शिळा कलू नयेत म्हणून जमिनीखाली काँक्रीटची सलग तुळई घालून त्या तिच्यात ओळीने बसवल्या जात. १९२३ च्या सुमारास आठवड्याला सुमारे ४,००० शिळा फ्रान्सला रवाना होत होत्या; हाताने कोरून एवढी गती गाठणे अशक्य असल्याने साच्यावरून अक्षरे उतरवणारी यंत्रे कामाला लावावी लागली.

हे सारे निमूटपणे स्वीकारले गेले नाही. आपल्या मुलाच्या कबरीवर क्रूस असावा, एवढी साधी इच्छाही सरकार नाकारते, याचे दुःख अनेक घरांत होते. ज्यांचे तीन मुलगे युद्धात गेले होते, त्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये हजारो सह्यांचा अर्ज प्रिन्स ऑफ वेल्स यांना सादर झाला. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश संसदेत या प्रश्नावर चर्चा झाली आणि समानतेचे तत्त्व कायम राहिले. त्या मातापित्यांची मागणी अहंकाराची होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण शव घरी येणार नाही हे त्यांनी आधीच सोसले होते आणि आता दगडही आपला उरणार नाही, हे त्यांना सोसवत नव्हते. तरीही आयोगाचा निर्णयच अधिक न्याय्य होता. ज्यांच्याकडे सह्या जमवण्याचे बळ नव्हते, अशा लाखो घरांच्या वतीने तो घेतलेला होता.

कुटुंबाकडे उरली ती शिळेच्या तळाची एक छोटी पट्टी. आयोग निकटच्या नातेवाइकांना पडताळणीचा एक अर्ज पाठवी आणि त्यात सैनिकाचे वय, धर्मचिन्ह हवे की नको आणि तळाशी कोरायचा मजकूर, एवढे विचारलेले असे. मजकुराची मर्यादा होती ६६ अक्षरांची आणि दोन शब्दांमधली मोकळी जागाही त्यात एक अक्षर म्हणून मोजली जाई. दर अक्षरी साडेतीन पेनी ठरला होता. म्हणजे सर्व ६६ अक्षरे वापरली, तर २३१ पेनी, अर्थात त्या काळच्या एका पौंडाला अवघ्या नऊ पेनी कमी. मोलमजुरी करणाऱ्या विधवेला ही रक्कम जड होती. पुढे ब्रिटनमध्ये ती ऐच्छिक करण्यात आली, कॅनडाच्या सरकारने ती स्वतः भरली, तर न्यूझीलंडने समानता पूर्ण असावी म्हणून असा वैयक्तिक मजकूरच नाकारला. कित्येक अर्जांना उत्तरच आले नाही, कारण पत्ते बदलले होते, माणसे उरली नव्हती किंवा लिहिण्याची ताकद राहिली नव्हती. एखाद्या शिळेवर वय आढळत नाही, ते बहुधा त्यामुळेच. ज्यांची ओळख पटली नाही, त्यांच्या शिळेवर ते केवळ परमेश्वराला ठाऊक आहेत, अशा अर्थाचे वाक्य आले. ते रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवले होते. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता आणि बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही.

या व्यवस्थेत भारतीय सैनिकांचे स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समध्ये एक मिळते आणि इराकमध्ये दुसरे. फ्रान्समधील हिंदू सैनिकांच्या शिळांवर क्रूसाच्या जागी देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरण्यात आले, मुसलमानांसाठी अरबी आणि शिखांसाठी गुरुमुखी मजकूर योजला गेला. ज्यांचे दहन झाले किंवा ज्यांची कबर सापडली नाही, अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे नव शापेल येथील स्मारकावर आहेत. हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या या स्मारकाचे अनावरण ऑक्टोबर १९२७ मध्ये झाले. शिपायाचे नावही तिथे कोरलेले आहे.

मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. मराठी पलटणींनी सर्वाधिक सोसले ते याच भूमीवर. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेला शरणागती पत्करावी लागली. कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे हुद्द्याचा भेद न करता आली, भारतीय अधिकाऱ्यांचीही आली. मात्र साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि त्यापुढे मृतांची संख्या एवढेच कोरण्यात आले. नावे वाचली ती कागदी नोंदवह्यांत. अमारा येथील कबरस्तानात तर मातीतील क्षारांनी दगड खाल्ला जाऊ लागला, म्हणून १९३३ मध्ये सगळ्या शिळा काढून नावे एका भिंतीवर कोरण्यात आली. म्हणजे दगड टिकत नसेल, तर नाव टिकवण्याचा मार्ग आयोगाला माहीत होता.

युरोपाबाहेरच्या समाजांना व्यक्तीच्या नावाने उभारलेल्या स्मारकाचे फारसे मोल नाही, अशी समजूत या भेदाच्या मुळाशी होती. महाराष्ट्राच्या बाबतीत ती निखालस चुकीची होती. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड म्हणजे वीरगळ. हा शब्द ‘वीर’ आणि दगड या अर्थाचा कानडी ‘कल्लु’ यांपासून आला. खालच्या चौकटीत पडलेला वीर, तिच्यावर लढाई, त्यावर अप्सरांनी त्याला वर नेणे, मग शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र, अशी त्याची मांडणी असते. असे दगड कोकणापासून देशापर्यंत वेशीवर आणि देवळांच्या आवारात आजही उभे आहेत. बहुतेकांवर नाव नसते, हे खरे. पण प्रत्येक दगड त्या एका माणसाचा असतो आणि काही घराणी आजही आपल्या पूर्वजाच्या वीरगळाला शेंदूर लावतात. २०२१ मध्ये आयोगाच्याच चौकशी अहवालाने मान्य केले की, सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १,१६,००० मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही. यांत आफ्रिकी आणि भारतीय सैनिक होते.

पुण्यात खडकी येथील युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत आणि तिथेच पहिल्या महायुद्धाचेही एक स्मारक आहे. भारतात मरण पावलेल्या, पण ज्यांच्या मूळ कबरींची देखभाल करणे शक्य राहिले नव्हते, अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. मुंबईच्या शिवडी कबरस्तानातून ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये इथे आणले गेले. नाव जपण्याची ही काळजी आदराने पाहावी अशीच आहे.

सातारा आणि रत्नागिरीच्या गावांत मात्र त्याच युद्धाची दुसऱ्या प्रकारची पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर तिच्यावर असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते आणि तिथून त्या युद्धात गेलेल्या ४६ जणांच्या मृत्यूची आठवण गावातला स्तंभ देतो. अशा पाट्यांवर गावाचे नाव असते, सालही असते आणि माणसांच्या जागी आकडा असतो. त्या घरांकडे कोणताही अर्ज गेला नव्हता.