हमाली ग्राहकाची, गल्ला मालकाचा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाने मालाला हात लावायची रीत नव्हती. काउंटरच्या अलीकडे उभं राहून यादी सांगायची. पलीकडचा नोकर फळीवरून डबे काढणार, पिंपातलं पीठ-साखर तोलून कागदात बांधणार, रक्कम उधारीच्या वहीत मांडणार आणि बरेचदा सामान घरपोचही करणार. आपल्या वाण्याच्या दुकानाहून हे चित्र फारसं निराळं नव्हतं. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत नोकर कमी पडत आणि भर दुपारी तेच नोकर माश्या मारत बसत. पगार मात्र पूर्ण दिवसाचा द्यावा लागे.

टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाला हा खर्च डाचत होता. घाऊक किराण्याच्या धंद्यात मुरलेला हा विक्रेता. त्याने सप्टेंबर १९१६ मध्ये ७९, जेफरसन अव्हेन्यू या पत्त्यावर ‘पिगली विगली’ नावाचं दुकान उघडलं आणि नोकराचं काम सरळ गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलं. फिरत्या फाटकातून आत शिरायचं, टोपली उचलायची आणि फळ्यांमधल्या नागमोडी वाटेने चालू लागायचं. वाट अशी आखलेली की बाहेर पडेपर्यंत दुकानातला बहुतेक माल नजरेखालून जाई. प्रत्येक वस्तूची किंमत समोर लिहिलेली. शेवटी एकच निर्गमन आणि तिथे बेरीज करून पैसे घेणारा एक माणूस. या मांडणीचं पेटंट त्याला ऑक्टोबर १९१७ मध्ये मिळालं.

सौदा रोखठोक होता. उधारी बंद, घरपोच बंद, पुड्या बांधणारे नोकर कमी. त्यातून वाचलेल्या पैशाचा काही हिस्सा स्वस्त भावाच्या रूपाने गिऱ्हाइकाला मिळे. पाय दुखले तरी चार पैसे वाचतात, हे मेम्फिसच्या गृहिणींना चटकन उमगलं. शिवाय नोकर देईल ते मुकाट्याने घेण्याऐवजी डबा स्वतः फिरवून बघता येऊ लागला. हे सुख पैशात मोजता येण्यासारखं नव्हतं. १९३२ पर्यंत पिगली विगलीची २,६६० दुकानं झाली. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमनने चाकांची ढकलगाडी आणली. सुरुवातीला ती ढकलायला लोक लाजत, म्हणून त्याने पगारी माणसं नेमून त्यांना दुकानात गाड्या फिरवायला लावलं.

सॉन्डर्स मात्र तोवर कफल्लक झाला होता. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात स्वतःच्या कंपनीचे शेअर कोंडीत पकडायचा जुगार त्याच्या अंगाशी आला. कंपनी गेली आणि गुलाबी संगमरवराचा अर्धवट बांधलेला वाडाही गेला. त्या वाड्यात आज संग्रहालय आहे आणि आत पहिल्या पिगली विगलीची प्रतिकृती. पण माणूस चिवट. १९३७ मध्ये त्याने ‘कीडूझल’ नावाचं यांत्रिक दुकान काढलं. वस्तू काचेआड, हवी असेल तिच्याशेजारच्या भोकात किल्ली घालायची, की माल पट्ट्यावरून सरकत बिलासकट समोर येणार. गर्दी झाली की यंत्रणा कोलमडे, दुरुस्तीचा खर्च नफा खाई. अखेर तेही बंद पडलं. त्यानंतर त्याने ‘फूडइलेक्ट्रिक’ची आखणी केली. इथे गिऱ्हाइकानेच माल घ्यायचा, बांधायचा आणि आपल्या बिलाची बेरीजही आपणच करायची! १९५३ मध्ये सॉन्डर्स वारला आणि ते दुकान उघडलंच नाही. सेल्फ-चेकआउटचा इतिहास बहुतेक जण १९८० च्या दशकापासून सांगतात. तो इथून सांगायला हवा.

सॉन्डर्सला नडलं ते तंत्र. समोर आलेली वस्तू कोणती आणि तिची किंमत काय, हे यंत्राला कळणार कसं? त्याचं उत्तर बारकोडने दिलं. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये, रिग्ली च्युइंगगमचं दहाचं पाकीट स्कॅनरवरून सरकलं आणि ६७ सेंट किंमत उमटली. या गावापासून डेटन शहर जेमतेम तीस किलोमीटरवर. तिथेच १८७९ मध्ये जेम्स रिटी या गुत्तेवाल्याने पहिलं कॅश रजिस्टर बनवलं होतं. कारण? त्याचे नोकर गल्ल्यावर डल्ला मारत. त्याच्या यंत्रावरून पुढे डेटनमध्येच नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी उभी राहिली. हीच कंपनी नंतर सेल्फ-चेकआउट यंत्रांच्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. गल्ल्यावरचं यंत्र जन्मलंच मुळी माणसावरच्या अविश्वासातून. आधी संशय नोकरावर होता, आता गिऱ्हाइकावर आला.

१९८६ मध्ये अटलांटाजवळच्या क्रोगर सुपरमार्केटमध्ये फ्लोरिडाच्या ‘चेकरोबोट’ कंपनीची यंत्रं बसली. गिऱ्हाईक वस्तू स्कॅन करून पट्ट्यावर ठेवी, टोकाला उभा असलेला नोकर पिशव्या भरे, पैसे मात्र वेगळ्या खिडकीवर भरावे लागत. म्हणजे एक रांग टाळून दुसरीत उभं राहायचं! १९९० च्या दशकात पैसे घेणारी आणि पिशवी तोलणारी यंत्रं आली, तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

हा तोलण्याचा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. स्कॅनरशेजारी पिशवी ठेवायची पाटी दिसते. तिच्याखाली काटा दडलेला असतो. बिस्किटांचा पुडा स्कॅन केला, की त्याचं वजन किती असायला हवं हे यंत्राला ठाऊक असतं. पाटीवरचा भार तेवढाच वाढला तर ठीक. कमी-जास्त झाला, पाटीवर मुलाने हात टेकला किंवा घरची कापडी पिशवी आधीच ठेवली, तरी यंत्र अडून बसतं आणि दिवा लुकलुकू लागतो. मग सहा-आठ यंत्रांवर नेमलेली एकुलती कर्मचारी धावत येते, तिचं कार्ड टेकवते आणि पुढच्या दिव्याकडे पळते. कॅशियरचं बसून करायचं काम असं धावपळीचं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायचं होऊन बसलं.

भाजी-फळांवर तर बारकोड नसतोच. तिथे अंकी कोड दाबायचा. केळ्यांचा कोड ४०११. महागडी फळं काट्यावर ठेवून ४०११ दाबला, की ती केळ्यांच्या भावात घरी! एमेलिन टेलर या गुन्हेशास्त्रज्ञ बाईंनी या सभ्य चोरांचा अभ्यास केला आहे. एरवी दुकानातून काडीही न उचलणारी ही माणसं यंत्रासमोर हातचलाखी करतात; आपलं काम आपण फुकट करतोय, मग थोडं वसूल केलं तर काय बिघडलं, असाही युक्तिवाद त्यांच्यापाशी असतो. लीस्टर विद्यापीठाच्या एड्रियन बेक यांच्या २०१८ च्या अभ्यासाचा अंदाज होता, की निम्म्याहून जास्त, म्हणजे ५५ ते ६० टक्के व्यवहार यंत्रावर होत असतील, तर दुकानाची तूट सुमारे ३१ टक्क्यांनी वाढू शकते. त्यात चोऱ्या आल्या, तशा निव्वळ चुकाही आल्या.

हिशेब असा उलटू लागल्यावर माघार सुरू झाली. उत्तर इंग्लंडमधल्या ‘बूथ्स’ या सुपरमार्केट साखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या २८ पैकी दोन दुकानं वगळून बाकी सगळीकडची यंत्रं काढायचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांना ती संथ, बेभरवशाची आणि कोरडी वाटतात, असं कारण दिलं. अमेरिकेत ‘टार्गेट’ने मार्च २०२४ पासून बहुतेक दुकानांत दहा वस्तूंची मर्यादा घातली. नेदरलँड्समधल्या ‘युम्बो’ने तर २०१९ मध्ये मुद्दाम गप्पांचा गल्ला सुरू केला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी तिथे निवांत बोलत बिल करावं, मागे कोणी घाई करणार नाही.

म्हणून यंत्रं सरसकट वाईट ठरत नाहीत. दूध-पाव घेऊन पळणाऱ्याला ती सोयीची. परदेशात नव्याने गेलेल्याला पडद्यावर भाषा निवडता येते, आणि काही खरेदी माणसाच्या नजरेआड केलेलीच बरी वाटते. पण महिन्याचा किराणा भरलेली गाडी, कोपऱ्यात दडलेले बारकोड आणि चष्मा घरी राहिलेले आजोबा असे एकत्र आले, की यंत्र हरतं. टार्गेटची दहा वस्तूंची रेघ मला म्हणूनच शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे सॉन्डर्सची पद्धत रुळली आहे. पवईत २००२ मध्ये सुरू झालेल्या डी-मार्टने ढकलगाडी घेऊन फिरायची सवय मध्यमवर्गाला लावली. बिलाला मात्र काउंटरवर माणूस असतो. डेकॅथलॉनमध्ये लेबलांतली चिप वाचणारं यंत्र खोक्यातल्या सगळ्या वस्तू एकदम मोजतं. ग्राहकाने स्वतः राबण्याचा देशी नमुनाही जुना आहे. मुंबई ग्राहक पंचायतीत १९७५ पासून कुटुंबं संघ करून एकत्र मागणी नोंदवतात, माल संघातल्या कुणाच्या घरी उतरतो आणि वाटप सभासदच करतात. त्या कष्टांचा मोबदला त्यांना भावात मिळतो. १९१६ मध्ये मेम्फिसच्या गृहिणींनाही तो मिळत होता. सेल्फ-चेकआउटवर राबणाऱ्याच्या पावतीवर मात्र सूट दिसत नाही.

शहरांतल्या मोठ्या दुकानांत ही यंत्रं वाढतील तेव्हा ग्राहक संघटनांनी दोन मागण्या आधीच पुढे कराव्यात: रोख पैसे घेणारा, माणूस बसलेला एक तरी गल्ला दिवसभर उघडा हवा, आणि यंत्रावर स्वतः बिल करणाऱ्याला बिलात सूट हवी.