इश्माएल : शरणपुरातले एक नाव

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या नावातला 'शरण' सहसा ऐकू येत नाही. नावे रुळली की अर्थ बुजतात. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तेव्हा आश्रयस्थान हाच अर्थ त्यांच्या मनात होता. मराठीत मात्र हा शब्द दुधारी आहे. शरण आलेल्याला आसरा मिळतो, आणि शरण जाणारा हत्यार खाली ठेवतो. या वसाहतीशी जोडलेल्या एका हिब्रू नावालाही असेच दोन अर्थ चिकटलेले आहेत.

ब्रिटिश आरमार हिंदी महासागरातील गुलामवाहू गलबते पकडी आणि त्यांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबई बंदरात उतरवी. १८६०च्या सुमारास शरणपुरात अशा मुलांसाठी आश्रम सुरू झाला. तेथे त्यांना लोहारकाम, सुतारकाम, अक्षरओळख आणि बायबल शिकवीत. बाप्तिस्म्याबरोबर नवे नाव मिळे. १८६६ साली लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेलेल्या नऊ 'नाशिक बॉइज'ची नावे पाहिली तर त्यांत सायमन प्राइस, रूबेन स्मिथ, रिचर्ड आयझेनबर्ग असे तरुण भेटतात. प्राइस आणि आयझेनबर्ग ही तर मिशनऱ्यांचीच आडनावे. पुढच्या तुकडीतला जेकब वेनराइट यांच्यात सर्वांत प्रसिद्ध झाला. १८७३ साली चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची नोंद त्याने झाडाच्या खोडावर कोरली, आणि १८७४ साली तो शवपेटीसोबत वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने इश्माएल सेम्लर उपेक्षितच राहिले, आणि नावाच्या दृष्टीने तेच अधिक विचार करायला लावतात.

हिब्रूतील 'शमा' या धातूचा अर्थ ऐकणे. 'यिश्माएल' म्हणजे 'देव ऐकतो', किंवा आशीर्वादाच्या सुरात 'देव ऐको'. हा धातू महाराष्ट्राला अगदीच परका नाही. कोकणातल्या बेने इस्रायलींनी, आपल्या 'शनिवार तेल्यां'नी, बाहेरच्या यहुदी जगाशी संबंध तुटलेला असतानाही जी प्रार्थना जपली, त्या 'शेमा'चा पहिलाच शब्द याच धातूचा, 'ऐक'. सायमन हे शिमोनचेच रूप, म्हणजे तेही ऐकण्याचे नाव. रूबेनमध्ये पाहण्याचा धातू आहे. शरणपुरातल्या हजेरीत 'ऐकले' आणि 'पाहिले' ही दोन क्रियापदे अशी शेजारी बसली असतील!

ही दोन्ही क्रियापदे मुळात एका दासीच्या कथेतून येतात. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायातली हागार ही सारायची मिसरी दासी. मालकिणीच्या छळाला कंटाळून ती गरोदरपणी अरण्यात पळून जाते. झऱ्याजवळ देवदूत तिला भेटतो आणि सांगतो, मुलाचे नाव इश्माएल ठेव, कारण देवाने तुझे दुःख ऐकले आहे. हागारही देवाला एक नाव देते, 'मला पाहणारा देव'. देवाला स्वतःहून नाव देणारे बायबलातले हे पहिलेच माणूस, आणि ती एक पळालेली गुलाम स्त्री आहे. परंतु ज्या भेटीत तिला हे नाव मिळते, त्याच भेटीत देवदूत तिला आज्ञा करतो की मालकिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. देवाने ऐकले खरे, पण शरण जाण्याची सक्ती सुटली नाही. टीकाकार या जागेवरून फार लवकर पुढे सरकतात, असे मला नेहमी वाटत आले आहे. पाश्चात्त्य साहित्याने इश्माएलमध्ये मुख्यतः बहिष्कृत भटक्या पाहिला. १८५१ साली मेलव्हिलने 'मोबी डिक'च्या निवेदकाला हे नाव दिले ते त्याच परंपरेतून. नावातले ऐकणे मात्र त्या परंपरेला फारसे ऐकू आले नाही.

१८६४ साली सेम्लर आणि त्यांचे सहकारी विल्यम जोन्स मोंबासाजवळच्या राबाईला, रेबमान या मिशनऱ्याच्या मदतीला गेले. ज्या किनाऱ्यावरून मुले गुलाम म्हणून नेली जात, त्याच किनाऱ्यावर ते परतले. तेथील मुस्लिम वस्तीला हे नाव इस्माईल म्हणून चांगलेच परिचित होते, आणि ते टाकलेल्या मुलाचे नसून सन्मान्य पैगंबराचे होते. आपल्याकडेही तेच. गल्लीतला इस्माईल आणि बायबलाच्या पानावरचा इश्माएल एकाच नावाचे, हे कितीजणांच्या ध्यानात येते?

१८७५ साली मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे नाव त्याला दिले, आणि ते उभारायला शरणपूरचे प्राइसच गेले. नाशिकहून आलेली माणसे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखली जाऊ लागली. शिकवणे, दुभाष्याचे काम, उपदेश अशी बरीचशी कामे त्यांच्यावर पडली, पण गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीचा मान त्यांना मिळत नसे आणि त्यावरून कुरबुरी होत. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेम्लर यांना डीकनपदाची दीक्षा दिली.

याच काळात हागारचा प्रश्न राबाईच्या दाराशी प्रत्यक्ष येऊन उभा राहिला. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळालेले गुलाम मिशनच्या वस्तीत शिरू लागले. अशांना ठेवून घेऊ नये, हे मिशनचे अधिकृत धोरण होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही मालकांशी तंटा नको होता. देवदूताची जुनी आज्ञा आता कचेरीच्या भाषेत आली होती एवढेच. पण राबाईचा कारभार जोन्स यांच्याकडे होता आणि तेथे पळालेल्यांची वस्ती वाढतच गेली. १८८८ साली मालकांनी आपली माणसे परत मागितली. त्यांना सामोरे जायला पुन्हा मोंबासात आलेले वृद्ध प्राइसच होते. अखेर इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना भरपाई देण्याचे ठरवले, आणि १८८९च्या आरंभी चौदाशेहून अधिक पळालेल्या गुलामांना मुक्तीचे दाखले मिळाले. त्यांतले बहुसंख्य राबाईचे होते, आणि त्यांतल्या कोणालाही मालकाकडे परत जावे लागले नाही.